कणगीत बोलायचं ते

२४ नोव्हेंबर, सोमवार

रेश्मे,

आशीर्वाद, खुशाली, जे काय वरच्या ओळीत लिहायचं असतं ते लिहिलं समज. मला चार ओळी लिहायला अर्धा दिवस लागतो, तो खुशालीत कोण घालवणार.

फोन लावू नको. मी उचलणार नाय. बंद करून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलाय. तुझ्या बापाला वाटतं बिघडला. वाटू दे. आता जे काय असेल ते कागदावर, आणि कागद कमळाबाईच्या हाती. ती धसईच्या बाजारातनं भाजी उचलते आणि लेकीच्या गावाला नेऊन विकते, म्हणजे तुझ्याच गावाला. तिला वाचता येत नाय हे आपलं नशीब. गावाचं नाव मी इथं लिहीत नाय, तू पण लिहू नको.

झालं असं की समाजमंदिरात एक पोरगी आली. स्नेहल नाव, शहापूरची, कॉलेज शिकलेली. म्हणाली, मावश्यांनो, मशीनला तुमची बोली शिकवायची आहे. मशीनला पुण्यामुंबईचं मराठी कळतं, तुमचं नाय कळत. उद्या दवाखान्यात, बँकेत मशीनच बोलणार, तेव्हा तिला तुमचं कळायला नको? सकुबाई म्हणाली, "माझ्या नवऱ्याला जन्मभर माझं बोलणं कळलं नाय, मशीनला काय कळतंय." हसून हसून पडलो सगळ्या.

मग फोनमध्ये चित्रं दाखवली. काकडी दाखवली, बैल दाखवला, घाटातली एसटी दाखवली. हे काय, ते काय, बोला. शेवटी एकेकीला आतल्या खोलीत बसवलं आणि म्हणाली, आता मनातलं बोला, घरातलं, कायपण. मी बाहेर थांबते. इथं कोण ऐकत नाय, मशीनच आहे.

मी पण बोलले थोडं. भाताचं बोलले. झोडणी कशी झाली, पेंढा कसा भिजला. तुझं काय बोलले नाय. मुळीच नाय.

तरी आपलं सांगून ठेवते. सावळीला अंगणवाडीत एकटी सोडू नको. बाजाराच्या दिवशी रस्त्याला उभी राहू नको. तो पिवळा कुडता घालू नको, लांबून ओळखू येतेस.

इकडं सगळं ठीक. कोण येत नाय, कोण विचारत नाय. कमळाबाईकडं दोन शब्द पाठव.

तुझी आई

३० नोव्हेंबर, रविवार

रेश्मे,

तुझी चिठ्ठी आली. एवढ्या महिन्यांनी आईला लिहिलंस तर एक ओळ. 'आई, तू नक्की काय बोललीस?' खाली नाव पण नाय.

बरं. बोलले तुझं. आता डोकं आपट.

आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. मनात मावत नाय ते माणसाला सांगायचं नाय, माणूस म्हणजे भोकाचं मडकं. भाद्रपदात जुनं भात संपून कणगी रिकामी झाली की तिच्यात डोकं घालायचं आणि बोलायचं. तुझी आजी बोलायची, तिची सासू बोलायची. आवाज आत घुमतो, आपलाच आपल्या कानाला लागतो आणि तिथंच जिरतो. मग वरनं नवं भात पडतं, विषय संपला. तू लहान असताना मला कमरेपर्यंत कणगीत बघून बोंब मारली होतीस, आईला कणगीनं गिळलं म्हणून.

साईनाथच्या घरातनं तू सावळीला घेऊन आलीस, दिवाळी ते होळी इथं राहिलीस. पंच बसले, म्हणाले पोरीला नांदायला पाठवा. मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी तुला कमळाबाईबरोबर भाजीच्या पाट्यांमागं बसवून दिली. गावाला सांगितलं, नाशकाकडं कंपनीत लागली. साईनाथला सांगितलं, न सांगता गेली. तुझ्या बापाला पण अर्धंच माहीत, त्याला चहा पाजला की तो सगळं ओकतो.

हे सगळं मी भाद्रपदात कणगीत बोलणार होते. पण तुमच्या दोघींच्या हिशेबानं भात ठेवलेलं, तुमी गेलात, खाणारी आमी दोघंच उरलो. यंदा कणगी रिकामी झालीच नाय. उरलेल्या भातावरच नवं ओतलं. माझं बोलायचं राहून गेलं ते इथं छातीत अडकलेलं, आणि ती पोरगी म्हणते बोला, कोण ऐकत नाय. समोर ते काळं काचेचं तोंड. मला कणगीच वाटली गो.

बोलले मग. तुझ्या पाठीचं बोलले. त्यानं तिच्यावर उलथणं तापवून ठेवल्याचं. साईनाथचं नाव घेतलं, तुझं घेतलं. बाहेर येऊन दोन कप चहा प्यायले, इतकं हलकं वाटलं.

दोन-तीन दिवसांनी ती स्नेहल परत आली. बायांना गंमत म्हणून तिनं फोन दाबला तर आतनं सकुबाई बोलायला लागली. सकुबाई माझ्या बाजूला तोंड मिटून बसलेली आणि फोनमधनं सुनेला शिव्या घालतेय. सगळ्या खिदळल्या. मी नाय. कणगीनं कधी कुणाचं परत बोलून दाखवलं नाय.

मी मुरबाडला गेले तिच्या ऑफिसात. मशीनमध्ये बोलल्याचे मिळालेले पैसे टेबलावर ठेवले. म्हटलं, "हे घे तुझे. माझा आवाज परत दे."

"मावशी, असं परत नाय देता येत. वर गेलं ते."

"वर म्हणजे कुठं? देवाकडं?"

"कंपनीकडं. काढून टाकायचा अर्ज असतो, इंग्रजीत आहे, मी भरून पाठवते. पण वेळ लागेल. आणि मशीन एकदा शिकली की शिकली, तिच्या डोक्यातनं तेवढंच कसं काढणार? तुमी संमतीला अंगठा दिलाय ना?"

"अंगठा नाय. सही केली मी. चौथी शिकलेय."

"मग वाचलं असेल ना तुमी."

"वाचायला घेतलं तर तूच म्हणालीस, मावशी खाली सही करा, बाकी सगळ्यांचं तेच असतं."

पोरगी लाल झाली. वाईट नाय ती, पगारी आहे. मला पाणी दिलं, म्हणाली, "घाबरू नका. नावं-गावं काढून टाकतो आमी, मगच मशीनला देतो."

"कोण काढतं?"

"टीम असते."

"टीम म्हणजे माणसंच ना?"

ती टेबलावरचे पैसे परत माझ्याकडं सरकवायला लागली.

"म्हणजे माणसं ऐकतात."

"ऐकल्याशिवाय काढणार कशी, मावशी?"

घे. इथं कोण ऐकत नाय म्हणाली होती.

पण गावाचं नाव मी घेतलं नाय. तेवढं नक्की. तू कुठं आहेस ते कुणाला कळायचं नाय.

साईनाथ एकदा आला होता इकडं, दिवाळीत. पहिल्या पत्रात लिहायचं राहिलं.

तुझी आई

५ डिसेंबर, शुक्रवार

रेश्मे,

गावाचं नाव घेतलं होतं. शाळेचं पण. तिथल्या मुलांच्या भाकऱ्या तू भाजतेस ते बोलले, मागच्या खोलीत राहतेस ते बोलले. पोरगी माझी कष्टाचं खाते, कुणाच्या दारात नाय, असं मोठ्या तोऱ्यात बोलले.

निघ तिथनं.

कमळाबाई म्हणाली, तू मागचं पत्र घेतलंस, उभ्यानं वाचलंस आणि आत गेलीस. निरोप दिला नाय. बोलू नको माझ्याशी, मला चालेल. पण हे पुरतं वाच.

साईनाथ एकदा आला नव्हता. दिवाळीपासून दर आठवड्याला येतो. त्यानं जीप शहापूरकडची सोडून टोकावडे-मुरबाड लायनीला लावलीय. भाडं उतरवलं की आपल्या दाराशी जीप लावतो. चपला सरळ काढतो, ओट्यावर बसतो, तुझ्या बापाला तंबाखू देतो, मला मामी-मामी करतो. आवाज चढवत नाय. तोच तर त्याचा वाईट गुण, आवाज चढवत नाय. मी तुला कळवलं नाय, कारण तू ऐकलंस की घाबरून काहीतरी करशील. आता मीच घाबरलेय, तर ऐक.

काल आला. चहा घेतला. तुझा बाप म्हणाला, घरची मंडळी बरी ना. तर म्हणतो, "बरी हायत. माधुरीला काम लागलं, घरबसल्या."

माधुरी, तुझी नणंद. मी विचारलं, "काय काम?"

"कंप्युटरचं. कानात घालते, ऐकते आणि टायपते. तुमच्याकडच्या बायांचंच हाय सगळं, मामी. कंपनीच्या लोकांना ही भाषा कळत नाय ना, मग आपलीच पोरं बसवलीत. मुरबाडची, शहापूरची. आमची माधुरी हसते ऐकून. एक म्हातारी म्हणे सुनेला अर्धा तास शिव्या घालते."

माझ्या हातात किटली होती. ती खाली ठेवली.

त्यानं चहा संपवला, कप उपडा घातला, आणि म्हणाला, "तुमी पण बोलल्यात ना मशीनमधी? सकुबाई सांगत होती. काय बोलल्यात?"

"भाताचं."

"भाताचंच ना," म्हणाला. "मग बरंय." आणि हसला.

आता तूच सांग, हे त्याला माहीत असल्यासारखं आहे की नसल्यासारखं? मी रात्रभर तेच घोळवतेय. माहीत असतं तर तो चहा प्यायला असता काय? आणि माहीत नसतं तर विचारलं कशाला?

मला वाटलेलं, माझं बोलणं लांब जाईल. बेंगळुरूला, परदेशात, कुठल्यातरी गोऱ्या माणसाच्या कपाटात. लांब गेलं असतं तर बरं झालं असतं गो. पण ही बोली कळते कुणाला? आपल्यालाच. म्हणजे मशीनला शिकवायचं तरी ती फिरून आपल्याच माणसांना ऐकवणार. माझं बोलणं सगळीकडनं फिरून माझ्याच ओट्यावर येऊन चहा पिऊन गेलं.

तू म्हणशील काम आहे, खोली आहे, सावळी रमली. सगळं मान्य. कपडे बांध.

आई

१२ डिसेंबर, शुक्रवार

रेश्मे,

या वेळी चिठ्ठीत दोन ओळी. 'मी कितीदा पळू, आई? सावळी इथल्या बाईला आजी म्हणायला लागलीय.'

वाचलं. म्हणू दे तिला आजी.

काल माधुरी आली होती. भावाच्या जीपनं नाय, एसटीनं. फाट्यावर उतरून बांधाबांधानं आली, साडीला चिकटलेली कुसळं काढत दारात उभी राहिली. तुझा बाप वालाच्या शेतात होता ते बरं.

मी तिला या म्हटलं नाय, बस म्हटलं नाय. तीच म्हणाली, "काकी, पाणी द्या."

दिलं.

"तुमचं माझ्याकडं आलं होतं," म्हणाली. "बाईचं नाव नसतं, नुसता नंबर असतो. पण आवाज कळला मला. 'मुद्द्याचं बोलते' म्हणून तुमच्या नेहमीच्या सवयीनं सुरुवात केलीत, तिथंच कळलं."

"सगळं ऐकलंस?"

"सगळं."

"मग भावाला सांगितलंस?"

"नाय."

"का नाय?"

तिला राग आला. "काकी, सांगायचं असतं तर एसटीनं आले असते का?"

मग तिनं सांगितलं ते असं. ऐकून टायपायचं असतं, पण आवाज खराब असला, कुत्री भुंकत असली, तर एक बटण असतं, ते दाबलं की ते बोलणं बाद. तिनं तुझं बाद केलं. कुत्रं नव्हतं, काय नव्हतं, तरी दाबलं. तिच्याकडनं तरी मशीनला ते आता जायचं नाय.

माझा जीव भांड्यात पडतोय तेवढ्यात म्हणते, "पण एकच बोलणं दोघांना देतात. एकानं चूक केली तर दुसऱ्यानं धरावी म्हणून. दुसरं कोण ते आमाला दाखवत नाय. मुरबाडचं कोण असेल, नायतर आमच्या शेजारचंही असेल."

"त्यानं पण बाद केलं असेल?"

"त्यानं का करावं? आवाज साफ होता."

साफ होता. ऐक. आयुष्यात पहिल्यांदा माझं कुणीतरी साफ ऐकलं.

मग ती ओट्याच्या कडेला टेकली. म्हणाली, "दादा रोज जेवताना विचारतो, आज काय ऐकलंस. गंमत म्हणून विचारतो. मी सकुबाईचं सांगते, दुसऱ्या कुणाचं सांगते. एक दिवस चुकून तोंडातनं जाईल काकी. ते गावाचं नाव माझ्या डोक्यात बसलंय. तिथं बटण नाय."

थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "उलथण्याच्या दिवशी मी आतल्या खोलीत होते."

मी म्हटलं, "मग तेव्हा कान कुठं ठेवले होतेस?"

बोलायला नको होतं कदाचित. पोरगी एवढी लांब उन्हातनं आली. पण निघालं तोंडातनं, आणि खरं सांगायचं तर परत निघेल. ती रडली नाय. मान हलवली, लोटा उपडा घातला आणि उठली. दारातनं म्हणाली, "वहिनीला सांगा, जागा बदल. आणि नवी जागा मला कळेल असं काय बोलू नका."

ती फाट्याकडं गेली तेव्हा मी ओट्यावर बसले आणि हिशेब केला. तू कुठं आहेस ते किती तोंडांना माहीत. मी. कमळाबाई. तिची लेक. माधुरी. आणि तो दुसरा, कानात घालून बसलेला, ज्याचं नाव कुणालाच माहीत नाय. तो उद्या साईनाथच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसेल आणि टाइमपास म्हणून सांगेल, काय एकेक बाया बोलतात राव. त्याला कुठं माहीत की गाडी चालवणारा कोण. कुणी वाईट नसतानाच होईल हे.

म्हणून आता मी सांगते तसं कर. 'कितीदा पळू' ते मला विचारू नको, मला उत्तर येत नाय. या वेळेला एकदा. शाळेच्या मोठ्या बाईंना खरं सांग, त्या तुला दुसरीकडं चिठ्ठी देतील. सावळीला सांग, गावाला चाललो.

आणि कुठं जातेस ते मला कळवू नको.

चिडून नाय लिहीत. रुसून पण नाय. नीट विचार करून लिहिते. मला कळलं की मी कुठंतरी बोलणार. मशीनीत नाय तर कणगीत, कणगीत नाय तर तापात. साईनाथ समोर बसून हसला की माझं तोंड बोलेल, नायतर माझे हात बोलतील, किटली खाली ठेवतील. जे माहीतच नाय ते कोण काढून घेणार? तो आला तर मी त्याच्या डोळ्यात बघून सांगेन, मला माहीत नाय. पहिल्यांदाच खरं सांगेन.

कमळाबाईला पण सांगू नको. तिच्या लेकीला पण नको. सावळीचा फोटो पाठवू नको, मागं कुठला डोंगर दिसेल. स्नेहलचा तो अर्ज गेलाय म्हणे, उत्तर आलं नाय. येईल तेव्हा येईल, तोवर मी त्याच्यावर तुझा जीव टांगून ठेवणार नाय.

आज सकाळी मी कणगीतलं भात काढायला घेतलं. घागरीनं उपसून पोत्यात भरतेय. तुझा बाप शेतातनं आला, बघतच राहिला. म्हणाला, "येडी झालीस काय गो? आता कुठं भरलंय, उंदीर खातील पोती."

मी म्हटलं, "खाऊ दे."

"पण कशाला?"

"मला आत डोकं घालायचंय."

चहा पण मागितला नाय. बाजूला बसून पोत्याचं तोंड धरलं त्यानं. मला वाटत होतं त्याला अर्धंच माहीत आहे.

संध्याकाळपर्यंत तळ लागेल. मग तुझं नाव घेऊन बोलेन, सावळीचं घेऊन बोलेन. गावाचं घेणार नाय, कारण ते मला माहीत नसेल.

हे पत्र वाचलंस की चुलीत घाल. मागची तीन पण घाल. उत्तर लिहू नको. पुढच्या बाजाराला कमळाबाई येईल तेव्हा मी तिला काय विचारणार नाय, नुसती तिच्या हातांकडं बघेन. हात रिकामे असले की समजेन, निघालीस.

तुझी आई